गुळाचा खडा

आमच्या जळगावच्या घराच्या अंगणात सध्या एकवीस काळ्या पिशव्या आणि नऊ पाइपचे तुकडे उभे आहेत. जळगावात पाइपांना तोटा नाही. चार इंची पाइपचे हात-हातभर तुकडे करून घेतले, ते उभे चिरले, तारेनं बांधले आणि त्यांत मुरूम, वाळू अन् शेणखत भरलं. त्यात चारोळीची रोपं आहेत. सगळ्यांत मोठं रोप माझ्या गुडघ्याला लागतं. त्याचं वय तीन वर्षं.

शेजारचे एक जण सकाळी दूध घेऊन जाताना फाटकापाशी थांबतात.

“सर, याला फळ कधी धरणार?”

“बीचं झाड आहे. आठ-दहा वर्षं तर जातीलच.”

“आणि तुमचं वय काय आता?”

“सत्तर.”

ते हसतात. त्यांच्या हसण्यात वाईट काही नसतं. जाता जाता म्हणतात, “मग कोणासाठी एवढा खटाटोप?”

मी “असंच, रिकामा वेळ आहे” म्हणून वेळ मारून नेतो. खरं उत्तर लांबडं आहे आणि फाटकापाशी उभं राहून सांगण्यासारखं नाही. म्हणून इथे लिहितो.

आमचं मूळ गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. गावाच्या उत्तरेला शेवटचं शेत संपलं की डोंगर सुरू. आबांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, वेशीजवळ किराण्याचं दुकान होतं. डोंगरातले पावरा लोक खाली बाजाराला उतरले की पहिलं दुकान आमचंच लागायचं. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजाराला ते नटूनथटून, ढोल वाजवत यायचे, तेव्हा फक्त खरेदी व्हायची. होळी उलटली, उन्हं तापली की मात्र ते गाठोडी घेऊन उतरायचे. आधी मोहाची फुलं, मग डिंक, आणि चैत्र लागला की चारोळी.

शहरातल्या वाचकाला चारोळी ठाऊक असते ती श्रीखंडावरची किंवा बासुंदीतली. झाड बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. झाडाला चार म्हणतात, फळालाही चार, आणि बियांच्या आतल्या गराला चारोळी. मुरमाड उतारावर वाढणारं हे झाड फार उंच होत नाही. साल काळपट, चिरा पडलेली, सुसरीच्या पाठीसारखी. पानं जाड. थंडी सरताना पांढुरक्या बारीक फुलांचे तुरे येतात आणि चैत्र-वैशाखात फळ पिकून जांभळं-काळं होतं. आकार बोरापेक्षा लहान, चव आंबटगोड. आंबा, काजू, बिब्बा यांच्याच कुळातलं हे झाड. संस्कृतात त्याला प्रियाल म्हणतात. कालिदासानं कुमारसंभवाच्या तिसऱ्या सर्गात अवेळी वसंत आणला आहे, तिथं प्रियालाच्या मोहराची धूळ डोळ्यांत जाऊन हरणं आंधळ्यासारखी धावतात. हे मी पुढे कॉलेजात वाचलं. लहानपणी मला चारोळी ठाऊक होती ती मापानं.

दुकानात दोन मापटी होती, दोन्ही पितळेची, एकसारखी. 1962 पासून किलोची वजनं सक्तीची झाली. आमच्याकडेही तराजू आला, पण तो गावातल्या गिऱ्हाइकांसाठी. डोंगरातून आलेल्या माणसाला मापटंच. एक मापटं चारोळीच्या बिया द्यायच्या आणि एक मापटं मीठ घ्यायचं. डोंगरात मीठ पिकत नाही. माणसाला लागतं, गुरांना लागतं. त्यामुळे गिऱ्हाईक परत जात नसे.

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा. आखाजीच्या सुमारास शाळेला सुट्टी लागली की मिठाच्या पोत्यापाशी मला बसवत. आबांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, “मीठ मोकयं भर, चारोयी शीग लाईसन ले.” मीठ भरताना मापटं ठोकायचं नाही, हलक्या हातानं भरायचं आणि वरून बोट फिरवून काठोकाठ करायचं. चारोळी घेताना मात्र मापटं दोनदा आपटायचं, बिया बसू द्यायच्या आणि वर शीग लावायची. मापटी एकसारखी असल्यामुळे कोणी हरकत घ्यायचं कारणच नव्हतं.

एक म्हातारी दरवर्षी यायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. ती ओच्यातून पिकलेली चारं आणायची आणि मूठभर माझ्या हातावर ठेवायची. माझी जीभ जांभळी व्हायची. एकदा मी मिठाच्या मापट्यावर बोट फिरवत असताना ती माझ्या बोटाकडे बघत राहिली. रागानं नाही. नुसती बघत राहिली. मग मीठ फडक्यात बांधून उठली. ते बघणं मी विसरलो नाही.

आबांविषयी इथे नीट सांगायला हवं, नाहीतर वाचक त्यांना गोष्टीतला सावकार करून टाकेल. आबा खादी वापरत. 1936 साली फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. तेव्हा तरुण असलेले आबा गावातल्या चौघांबरोबर पायी गेले होते. तिथली धूळ, तिथले बांबूचे मंडप, गांधींचं दुरून झालेलं दर्शन हे त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलं की आम्हाला ते पाठ झालं होतं. दुकानात गांधींचा फोटो होता आणि त्याच्या बरोबर खाली मिठाचं पोतं. दांडीची गोष्ट ते त्या पोत्याशेजारी बसून सांगत. गरिबाच्या मिठावर सरकारनं कर घेतला, यापरीस मोठं पाप नाही, असं म्हणत. आणि तसं म्हणताना माझ्या हातून माप मोकळं भरून घेत. हे दोन्ही आबा खरे होते.

तिसरी गोष्टही खरी आहे. 1972 च्या दुष्काळात आबांनी ज्वारीची कणगी उघडली. गावातल्यांना दिली तशी डोंगरातल्यांनाही दिली. वहीत लिहिलं नाही. बाबांनी विचारलं तर म्हणाले, “कोनाले मांगानं?” त्याच साली मी जळगावला मूळजी जेठा महाविद्यालयात शिकायला आलो. खोलीचं भाडं, खानावळ, पुस्तकं हे सगळं दुकानातून आलं. पुढे शिक्षक झालो, घर बांधलं. कणगी उघडणाऱ्या हातानंच मापटंही भरलं होतं आणि त्या मापट्यावर मी शिकलो.

एखाद्या वाईट माणसानं आपलं भलं केलं असतं तर हिशेब सोपा झाला असता. नाव टाकून मोकळं होता आलं असतं. चांगल्या माणसाचा चुकीचा व्यवहार फार चिवट असतो, कारण तो निस्तरायला घेतला की माणसावरची माया आडवी येते. मी नोकरीच्या पस्तीस वर्षांत हा हिशेब काढलाच नाही.

दरवर्षी आखाजीला मात्र तो आपोआप समोर येई. खान्देशात आखाजी हा वर्षाच्या हिशेबाचा सण. सालदाराचं साल आखाजीला संपतं आणि नवं ठरतं. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. आणि पितरांच्या नावानं घागर भरतात. मातीची नवी घागर, वर डांगर, पुरणपोळीचा आणि आमरसाचा नैवेद्य. मी आबांच्या नावानं घागर भरतो. भरताना हात नीट चालतो, पण पाणी काठाशी आलं की मिठावर फिरणारं बोट आठवतं.

आपल्याकडे तीन ऋणं सांगतात, देवांचं, ऋषींचं आणि पितरांचं. शतपथ ब्राह्मणात चौथंही सांगितलं आहे, माणसांचं. ते म्हणे अन्न आणि निवारा देऊन फेडायचं. पितरांचं ऋण फेडायला घागर आहे. पण पितरांनीच जे ऋण करून ठेवलं, त्याला कोणती घागर भरायची, हे कोणी सांगितलेलं नाही.

निवृत्तीनंतर मी ठरवलं की चारोळीची रोपं करून डोंगरात द्यायची. बीला बी. यात फेडही झाली आणि झाडही झालं, असा माझा सरळ हिशेब.

पहिल्या वर्षी वाण्याकडून चारोळी आणून पेरली आणि स्वतःच्या शिक्षणाची लाज वाटली. सोललेला, महिनोन्‌महिने डब्यात पडलेला गर कसा उगवणार? दुसऱ्या वर्षी बाजारातून कवचासकट बिया आणल्या. त्या आधीच्या हंगामातल्या होत्या. पाऊसभर वाट पाहिली, पिशवीत गवत उगवलं. तेव्हा कळलं की ही बी फार दिवस जीव धरून ठेवत नाही. ताजी असेल तोवरच पेरावी.

तिसऱ्या वर्षी वैशाखात मी स्वतः डोंगरात गेलो. पाड्यावर विचारत विचारत मावशीचं घर शोधलं. ती केव्हाच गेली होती. तिचा नातू भेटला, चाळिशीचा. त्याच्याकडे वनपट्टा आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यानं जमीन नावावर झाली आणि गौण वनोपज गोळा करून विकण्याचा हक्कही कायद्यानं मिळाला. 2013-14 पासून सरकारच्या हमीभावाच्या यादीतही चारोळी आहे. आता मिठाचं माप राहिलेलं नाही. शहरात सोललेली चारोळी किलोला हजारावर जाते आणि मीठ अजूनही पंचवीस-तीस रुपयांत मिळतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

पण मी गेलो तेव्हा झाडांवर फळ नव्हतं. जवळची झाडं ओरबाडलेली होती. काहींच्या फांद्याच तोडून खाली ओढल्या होत्या. झाडंही मोजकीच दिसली.

“एवढ्यात कसं काढलं? पिकायला अजून पंधरा दिवस आहेत.”

“पिकू दिलं तर दुसरा नेतो, गुरुजी. सगळेच हिरवं काढतात. मी एकटा थांबून काय करू?”

“पण हिरव्यात गर भरत नाही. वजन कमी, भावही कमी.”

“ते कळतं. पण नाही काढलं तर तेही नाही.”

मी गप्प झालो. मग त्यानं सहज, माझ्यावर काही आरोप न करता, सांगितलं, “आमची आजी सांगायची. आधी लोक पिकून खाली पडलेलं वेचत. मग खालच्या दुकानात आखाजीच्या आधी माल आणला की गूळ मिळायला लागला. तेव्हापासून घाई लागली.”

मला एकदम तो डबा आठवला. पत्र्याचा, झाकण वाकडं झालेला. आखाजीआधी जो चारोळी आणेल त्याला मापट्यामागे गुळाचा एक खडा, असा आमच्या दुकानाचा रिवाज होता. चोपड्याच्या व्यापाऱ्याकडे हंगामाचा पहिला माल गेला की भाव चढा मिळायचा, म्हणून आबांनी तो सुरू केलेला. खडा द्यायचं काम माझं. मापट्याची मला लाज वाटायची, पण गुळाच्या खड्याचा अभिमान होता. पोरं हात पुढे करायची, मी त्यातल्या त्यात मोठा खडा शोधून द्यायचो. आपल्या दुकानात निदान एवढी तरी माया आहे, असं मला वाटायचं.

साठ वर्षं मी चुकीच्या गोष्टीची लाज बाळगत होतो. मिठाचं माप खोटं होतं, पण त्यानं मावशीचं एका दिवसाचं नुकसान केलं. पुढच्या वर्षी झाड पुन्हा फळ देणारच होतं. गुळाच्या खड्यानं घाईला बक्षीस दिलं. जो थांबेल तो मागे राहील, हे त्यानं शिकवलं. ते एकदा शिकलं की दुकान बंद झालं, आबा गेले, कायदा आला, तरी डोंगरात ते टिकून राहिलं. सगळा दोष एका दुकानाचा नाही, अशी दुकानं पायथ्याला गावोगाव होती, आणि जंगल तुटायला दुसरी मोठी कारणंही झाली. तरी आमच्या वाट्याचा दोष आमचाच.

मी असाही विचार करून पाहिला की आबांना हे ठाऊक नव्हतं, मला तर नव्हतंच. न कळता झालेल्या गोष्टीचं पाप लागतं का? शाळेत मुलांना मी सांगत असे की हेतू बघावा. आता तसं ठामपणे सांगता येणार नाही. हेतू आपल्या मनात राहतो, झाडावर जे होतं ते व्यवहारानं होतं. पाप हा शब्द मोठा वाटत असेल तर तो ठेवून देऊ. पण कळल्यानंतर “मला ठाऊक नव्हतं” या वाक्याची मुदत संपते, एवढं नक्की.

त्या दिवशी नातवानं मला दरीच्या अंगाला, जिथं हात पोचत नाही, अशा दोन झाडांखालची पिकली चारं वेचून दिली. तोडलेल्या हिरव्या फळांतल्याही मूठभर बिया मी मुद्दाम घेतल्या. घरी आणून पिकलेली फळं हातानं चोळली, धुतली, गर काढून टाकला. बिया बादलीत टाकल्या. तरंगल्या त्या पोकळ, त्या टाकल्या. बुडाल्या त्या चार दिवस सावलीत सुकवल्या, रात्रभर भिजवल्या. कवच फार टणक असतं. त्याला कडेनं शिवण असते, तिथं पकडीनं हलकेच दाबलं की चीर जाते. जोर जास्त झाला तर आतला गर चेचतो आणि बी फुकट. मी शंभर पेरल्या, अडतीस उगवल्या. हिरव्या फळांतल्या पंचवीस वेगळ्या पेरल्या होत्या. एकही उगवली नाही. घाईनं काढलेल्या फळातून पुढची पिढी निघत नाही, हे मी वाचून नाही, पिशव्या उकरून पाहिलं.

उगवल्यावरही हे झाड माणसाची परीक्षा बघतं. वर चार पानं दिसतात आणि खाली मूळ हातभर गेलेलं असतं. पहिल्या खेपेला पिशव्या आखूड होत्या. मुळं पिशवी फोडून जमिनीत शिरली, उचलताना तुटली, सात रोपं गेली. तेव्हापासून लांब पाइप. आमची काळी माती घातली तर पावसात पाणी धरून मूळ कुजतं, म्हणून मुरूम. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा जुन्या साडीची सावली. दोन रोपांच्या काड्या वाळल्या म्हणून मी उपटणार होतो. बायको म्हणाली, “राहू द्या, पाऊस तर पडू द्या.” जुलैत दोन्ही बुडातून फुटली. गुजरातेत गोध्र्याच्या संशोधन केंद्रात याच्या चांगल्या झाडांवर काम झालं आहे, कलमही करता येतं आणि कलमाला फळ लवकर धरतं. मला कोणी तसं सुचवलंही. पण लवकर या शब्दाची मला आता धास्ती वाटते. शिवाय कलम एकाच झाडाची नक्कल. बीतून आलेलं प्रत्येक झाड वेगळं.

गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर वीस रोपं गाडीत घालून मी पाड्यावर गेलो. मनात म्हटलं तर समाधान होतं, आणि खरं सांगायचं तर थोडी ऐटही होती. नातवानं रोपं पाहिली, एकेक हातात घेऊन मूळ चाचपलं. मग विचारलं, “गुरुजी, झाड कोणाचं राहील?”

“तुझंच.”

“मग कुठं लावायचं ते मी ठरवणार. आणि वीस नको. पाच द्या.”

“अरे, फुकट आहेत.”

“फुकट म्हणूनच. वीस झाडांना शेळ्यांपासून कोण राखणार? मेली तर तुम्हाला वाईट वाटेल, मला त्याचं ओझं.”

मी ओशाळलो. पुन्हा एकदा माप मीच ठरवून आलो होतो. किती द्यायचं, केव्हा द्यायचं, काय दिलं म्हणजे फिटलं, हे सगळं माझ्या अंगणात ठरलेलं. फक्त या वेळी खडा गुळाचा नव्हता. ऋण ज्याचं, त्याला न विचारता फेडायला गेलं की फेडणाऱ्याचं मन हलकं होतं आणि घेणाऱ्याच्या डोक्यावर नवं ओझं चढतं. मावशीला कधी कोणी विचारलं नव्हतं. तिच्या नातवालाही मी विचारलं नव्हतं.

“मग तू सांग, काय करू?”

तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “एकट्याच्या बांधावर झाड वाढवून उपयोग नाही, तेही हिरवंच तोडतील. पाड्यावर बैठक घेतली पाहिजे. अमुक दिवसाच्या आत कोणी तोडायचं नाही, असं सगळ्यांचं ठरलं तरच. ते आमचं आम्ही बघू. तुम्ही रोपं करा. दरसाल ज्याला राखता येईल त्याला त्याच्या मापानं द्या. आणि बी बाजारातून आणू नका, आमच्याकडून न्या. पण आखाजीनंतर या. आधी नको.”

आखाजीनंतर. मी मान हलवली.

ती बैठक अजून बसलेली नाही. दोनदा ठरली आणि मोडली, एकदा लग्न आलं आणि एकदा भांडण झालं. बसेल याची खात्री मी देऊ शकत नाही. पाचांपैकी चार रोपं जगली आहेत, एक शेळीनं खाल्लं. माझं ऋण फिटलं का, हे मी आता विचारत नाही. फिटल्याची पावती लिहिण्याचा हक्क माझा नाही, एवढं समजलं.

या वर्षी आखाजी होऊन दहा दिवसांनी गेलो. नातवानं दरीतल्या झाडांची पिकली चारं चोळून, बिया धुऊन ठेवल्या होत्या. माझ्याजवळ डालड्याचा जुना डबा होता. तो त्यानं भरला आणि वर शीग लावली.

मी म्हटलं, “अरे, काठोकाठ पुरे.”

“राहू द्या शीग. निम्म्या तर उगवत नाहीत म्हणता ना?”

पैसे किती, विचारलं. त्यानं आकडा सांगितला, मी दिला. घासाघीस केली नाही, वर दहा रुपये जास्तही ठेवले नाहीत.

घरी येऊन बिया बादलीत टाकल्या. तेरा तरंगल्या. बाकीच्या बुडाल्या.